नळी काढताना श्वास सांभाळा



गेल्या वैशाखात आमच्या मावळातल्या गावी एक शेतकरी कौले चाळताना खाली पडला. तो आमचा जुना विद्यार्थी. त्याची बरगडी मोडली. तिचे टोक फुप्फुसाला लागले. फुप्फुसातली हवा छातीच्या पोकळीत शिरली आणि फुप्फुस दबले. डॉक्टरांनी दोन बरगड्यांमधून नळी घातली. नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवले. आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर आली. पाण्यामुळे बाहेरची हवा आत जाऊ शकली नाही. हळूहळू फुप्फुस पुन्हा फुगले.

नळी काढायचा दिवस आला, तसा तो घाबरला. म्हणाला, "गुरुजी, दुखलं तर काय करू?"

आम्ही म्हणालो, "लोहाराचा भाता पाहिलास ना? उघडला की हवा आत ओढतो, दाबला की बाहेर लोटतो. आपली छातीही तशीच. नळी निघताना दचकून श्वास ओढलास, तर भोकातून हवा आत शिरेल. फुप्फुस पुन्हा दबेल. मग कधी कधी नळी पुन्हा घालावी लागते."

म्हणून डॉक्टर सांगतात, मोठा श्वास घ्या, रोखून धरा, तोंड मिटा आणि कुंथा. कुंथताना छातीतला दाब वाढतो. तेवढ्यात ते नळी काढतात आणि हवाबंद पट्टी लावतात. काही डॉक्टर श्वास पूर्ण सोडून रोखायला सांगतात. दोन्ही रीती चालतात. आपल्या डॉक्टरांची रीत कोणती, ते आधी विचारावे. तिची त्यांच्यासमोर तालीम करावी. हृदयाचे दुखणे असेल, तर तेही सांगावे.

श्वासाने आतला दाब बदलतो, ही नुसती ऐकीव गोष्ट नव्हे. आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले. योगक्रियांच्या वेळी शरीरातला दाब कसा बदलतो, हे त्यांनी यंत्राने मोजले. पण छातीत नळी असताना आपल्या मनाने प्राणायाम करू नये.

आमच्या विद्यार्थ्याने चार वेळा तालीम केली. डॉक्टर "आता" म्हणाले, त्याने श्वास धरला. थोडे दुखले, पण तो दचकला नाही. नळी निघाली. मग छातीचा फोटो काढला. फुप्फुस ठीक होते.

पुढे धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर लगेच सांगावे. पट्टी आपण सोडू नये.

नळी डॉक्टर काढतात. श्वास मात्र आपणच धरायचा असतो.