चढताना मोटर, उतरताना जनित्र

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’ नावाचं एक प्रकरण आहे. त्यात एका पानावर मोटर आहे, पुढे दुसऱ्या पानावर जनित्र आहे. एकाला डावा हात, दुसऱ्याला उजवा हात. परीक्षेत कोणता हात कुठे वापरायचा या भीतीनं मुलं दोन्ही हात वर करतात! आज मी हे प्रकरण पुस्तकातून न शिकवता कसारा घाटातून शिकवणार आहे. कागद-पेन्सिल जवळ घ्या. आकडे येतील, पण सावकाश सांगते.

कसाऱ्याहून इगतपुरीला येणारा हा रेल्वेचा थळ घाट 1865 साली, जानेवारीच्या पहिल्या तारखेला सुरू झाला. सुमारे 15 किलोमीटरमध्ये गाडी जवळजवळ 300 मीटर वर चढते. सर्वांत तीव्र चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. रस्त्यावरच्या गाडीला हा चढ किरकोळ वाटेल. लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर तो फार मोठा आहे. प्रवाशांनी भरलेल्या लांब गाडीचं वस्तुमान 1200 टन धरू. तिचं वजन भागिले 37 केलं की गुरुत्वाकर्षण तिला उतारावर किती बलानं मागे ओढतं ते मिळतं. उत्तर येतं सुमारे 318 किलोन्यूटन. आज मेल-एक्सप्रेसला लागणारं डब्ल्यूएपी-7 हे दमदार इंजिन सुरुवातीला जास्तीत जास्त जोर लावतं तो साधारण 323 किलोन्यूटन. म्हणजे सगळा जोर मागची ओढ थोपवण्यातच गेला, गाडी पुढे न्यायला शिल्लक काय? म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. ती मागून रेटतात आणि इगतपुरीला सुटतात.

आधी इथे वाफेची इंजिनं होती. भारतातली पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली आणि 1930 च्या सुमारास वीज घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचली. ठाकुर्लीला रेल्वेनं स्वतःचं चोळा पॉवर हाऊस उभारलं होतं. मालगाड्या ओढायला लांब नाकाडाची, मधे सांधे असलेली इंजिनं आली. त्यांना इथली माणसं ‘खेकडा’ म्हणत. वरच्या तारेत वीज होती 1500 व्होल्टची, दिष्ट. दिष्ट म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी, आपल्या टॉर्चच्या सेलसारखी.

1500 व्होल्ट हे कशाचं माप? इथे घाटच कामाला येतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून 600 मीटरवर आहे आणि कसारा त्याच्या निम्म्यावर. गाडी उताराला लागते ती 600 या आकड्यामुळे नाही, दोन ठिकाणच्या फरकामुळे. विजेचंही तसंच. तारेचं विभव आणि रुळाचं विभव यांत 1500 व्होल्टचा फरक, म्हणून धारा वाहते. मुलं नेहमी विचारतात, घरात दोन तारा येतात, मग रेल्वेला वर एकच तार कशी? दुसरी तार म्हणजे रूळच. धारा वरच्या तारेतून, तिला टेकलेल्या पँटोग्राफमधून, इंजिनात उतरते, मोटरी फिरवते आणि चाकांतून रुळात जाऊन उपकेंद्राकडे परतते. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच विभवावर असतात. माणूस थांबलेल्या वॅगनवर चढतो तेव्हा मात्र त्याचे पाय रुळाच्या विभवावर असतात आणि डोकं तारेजवळ जातं. आज त्या तारेत 25 हजार व्होल्ट आहेत. तेवढ्या विभवांतराला शिवण्याचीही गरज नसते. वीज हवेतूनच झेप घेते. फोटो काढायला वॅगनवर चढलेली मुलं अशीच गेली आहेत.

तर 1500 चे 25 हजार का झाले? 1960 च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीच्या पुढे नाशिक, मनमाड, भुसावळपर्यंत विद्युतीकरण झालं, ते 25 हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेनं. सेकंदाला 50 आवर्तनं. त्यामुळे कित्येक वर्षं इगतपुरी ही दोन विजांची शीव होती. मुंबईकडून दिष्ट धारेचं इंजिन यायचं, सुटायचं, प्रत्यावर्ती धारेचं लागायचं. प्रवाशांच्या दृष्टीनं ती वडापाव खाण्याची सवड होती.

आता कागदावर लिहा. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा. इंजिनाला साडेचार मेगावॉट, म्हणजे 45 लाख वॉट हवे आहेत. 1500 नं भागा: 3000 अँपिअर. 25 हजारनं भागा: फक्त 180. शक्ती तीच, पण तारेतून वाहणारी धारा सतराव्या हिश्शाच्या आसपास आली. तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत असते. म्हणून त्याच तारेत नासाडी सुमारे 278 पट कमी. पुन्हा सांगते, 278 पट. 1500 व्होल्टच्या काळात लोक काही वेडे नव्हते. त्यांनी तारा जाड घेतल्या आणि दर थोड्या किलोमीटरवर उपकेंद्र बांधलं. 25 हजारला उपकेंद्रं दूर दूर ठेवली तरी चालतात.

मग 1925 सालीच जास्त व्होल्ट का नाही घेतले? कारण मोटरला 25 हजार व्होल्ट थेट देता येत नाहीत, ते इंजिनातच उतरवावे लागतात. उतरवायला रोहित्र लागतं आणि रोहित्राला दिष्ट धारा चालत नाही. आपण गावात ज्याला डीपी म्हणतो, ती हीच वस्तू. तिच्यात दोन वेटोळी असतात आणि मधे लोखंडाचा गाभा. एका वेटोळ्यातून दुसऱ्यात वीज जायला तार जोडलेली नसते. पहिल्यातली धारा बदलली की गाभ्यातलं चुंबकत्व बदलतं आणि बदलत्या चुंबकत्वामुळे दुसऱ्यात वीज उपजते. 29 ऑगस्ट 1831 रोजी मायकेल फॅरडेनं लंडनमध्ये लोखंडी कड्यावर तारा गुंडाळून नेमकं हेच पाहिलं. सेल जोडताना गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला, सेल काढताना हलला, मधल्या वेळात स्वस्थ राहिला. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मला विचाराल तर ‘चुंबक’ नाही, ‘बदल’ आहे. दिष्ट धारेत बदल नाही, म्हणून रोहित्र गप्प बसतं. प्रत्यावर्ती धारा सतत बदलते, म्हणून ते चालतं. पण त्या काळी रेल्वेला सोयीची मोटर दिष्ट धारेवरची होती. सुरुवातीलाच भरपूर जोर देणारी. इंजिनातच प्रत्यावर्तीची दिष्ट करणारी आटोपशीर यंत्रं यायला बराच काळ जावा लागला. घाटातली दिष्ट धारा या शतकाच्या पहिल्या दशकात गेली आणि मुंबईतल्या हार्बर मार्गावरची शेवटची 2016 साली.

आता मोटरकडे येऊ. नाशिकरोडला एकलहरे रस्त्यावर रेल्वेचा मोठा कारखाना आहे, तिथे इंजिनांच्या कर्षण मोटरी दुरुस्तीला येतात. अशी मोटर उघडली की आत पुस्तकातलंच चित्र असतं, फक्त काही टनांचं. चुंबकीय क्षेत्र आणि त्यात तांब्याची वेटोळी. वेटोळ्यातून धारा सोडली की तारेवर बल लागतं आणि वेटोळं फिरतं. हा तुमचा डावा हात.

आता जरा थांबा. वेटोळं चुंबकीय क्षेत्रात फिरू लागलं, म्हणजे त्याच्यातून जाणारं चुंबकत्व बदलू लागलं. आणि बदललं की वीज उपजणार, फॅरडेचा नियम काही सुट्टीवर जात नाही. म्हणजे मोटर फिरत असतानाच आतून वीज तयारही करत असते आणि ती बाहेरून येणाऱ्या विजेला विरोध करते! निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्यांच्या मुलांना हे पाहून माहीत आहे. विहिरीवरची मोटर सुरू होताना घरातले दिवे क्षणभर मंदावतात. कारण थांबलेली मोटर विरोध करत नाही आणि भरमसाट धारा ओढते. वेग आला की विरोध वाढतो, धारा कमी होते, दिवे सावरतात. आणि पंपात गाळ अडकून मोटर जाम झाली तर? विरोध करणारं कोणी उरत नाही, धारा वाढते, मोटर जळते. गावात म्हणतात ‘लोड आला’. बरोबरच आहे, पण जाळणारा लोड नाही, न फिरणं आहे.

तेव्हा मोटर आणि जनित्र ही दोन यंत्रं नाहीत. पुस्तकानं समजावण्याच्या सोयीसाठी ती वेगळी काढली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त शेजारी शेजारी एक वाक्य छापायला हवं होतं की यंत्र एकच आहे. वीज आत आणि गती बाहेर, तर मोटर. गती आत आणि वीज बाहेर, तर जनित्र.

इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना हेच होतं. आता प्रश्न ओढण्याचा नसतो, आवरण्याचा असतो. 1200 टन, 300 मीटर उंची. एमजीएच करा: 12 लाख किलो, गुणिले 9.8, गुणिले 300. सुमारे साडेतीनशे कोटी ज्यूल. हे ज्यूल कोणाला दिसत नाहीत, म्हणून वीजबिलावरच्या युनिटमध्ये आणू. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. भागा. 980 युनिट! महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराचं जवळजवळ दहा महिन्यांचं बिल एक गाडी एका उतारावर घेऊन बसलेली असते. नुसते चाकांचे ब्रेक दाबले तर हे सगळं चाकं आणि ब्रेक तापवण्यात जातं. जुन्या बऱ्याच इंजिनांत मोटरींना जनित्र करून गाडी रोखायचे, पण तयार झालेली वीज इंजिनातल्या मोठ्या रोधांत सोडायचे आणि पंख्यानं तिची उष्णता बाहेर फेकायचे. ब्रेक झिजत नव्हते, मात्र वीज हवेत जात होती.

डब्ल्यूएपी-7 सारखी नवी इंजिनं ती वीज परत वरच्या तारेत पाठवतात. 980 पैकी सगळी मिळत नाही. घर्षण, वारा आणि यंत्रातली नासाडी आपापला वाटा घेतात. उरलेली जाते कुठे? त्याच वेळी त्याच तारेखाली दुसरी गाडी चढत असेल तर ती वापरते. उतरणारी गाडी चढणारीला हात देते असं म्हणायला हरकत नाही. जानेवारी 2019 मध्ये नाशिकमार्गे मुंबई–दिल्ली राजधानी सुरू झाली. लवकरच तिला पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिनं लावली, बँकरसाठी कसाऱ्याला थांबावं लागू नये म्हणून. उतरताना दोन्ही इंजिनांच्या मोटरी जनित्रं होऊ शकतात.

वीज परत पाठवताना एक अट पाळावी लागते, ठेका जुळवण्याची. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात 210 मेगावॉटचे तीन संच 1979 ते 1981 या काळात उभे राहिले. त्यांचा चुंबकी रोटर मिनिटाला 3000 फेरे घेतो. 3000 भागिले 60: सेकंदाला 50. आपल्या घरातल्या विजेची 50 आवर्तनं येतात ती इथून. डिसेंबर 2013 च्या अखेरीस दक्षिणेची वीजवाहक जाळी उरलेल्या भारताच्या जाळीला जोडली गेली आणि तेव्हापासून देशभरातली अशी जनित्रं एकाच ठेक्यात चालतात. घाट उतरणाऱ्या इंजिनानं परत दिलेल्या विजेलाही याच ठेक्यात उतरावं लागतं, चढउतार अगदी जुळवून. इंजिनातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ते जुळवते.

आता घरी करायचा प्रयोग. खेळण्यातल्या गाडीच्या दोन लहान मोटरी आणा. दोघींचे दांडे समोरासमोर धरून सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीच्या तुकड्यानं जोडा. दोन्ही मोटरी पट्टीवर घट्ट बांधा. पहिलीला दोन-तीन सेल लावा. दुसरीच्या तारांना लाल एलईडी जोडा. पेटला नाही तर उलटा लावून पाहा. पेटला की तुमच्या पट्टीवर चढणारी आणि उतरणारी अशा दोन्ही गाड्या आहेत.

मग एलईडी काढा आणि दुसऱ्या मोटरीच्या दोन तारा एकमेकींना चिकटवा. पहिल्या मोटरीचा आवाज लगेच खाली उतरेल, ती कण्हू लागेल. तुम्ही तिला हातही लावलेला नाही. दुसरीत आता धारा वाहू लागली, त्या धारेचं चुंबकत्व फिरण्याला आडवं आलं. आडवं आलं नसतं तर फुकटात वीज मिळाली असती, आणि ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तेवढं होऊ देत नाही. तारा सोडा, आवाज पुन्हा चढेल. वेग नेमका किती कमी झाला ते मोजायची युक्ती मी सांगत नाही. दांड्यावर कागदाची पट्टी चिकटवून आणि मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून काही जमतं का, ते तुम्ही आणि तुमचे शिक्षक मिळून पाहा.