तरुण प्रशिक्षकाची निवड

अमेरिकेतील एखाद्या मोठ्या विद्यापीठात फुटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली की त्या गावाला काही दिवस दुसरा विषय सुचत नाही. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. येथे चेंडू लांबट असतो आणि तो बहुधा हातात घेऊन पळावयाचा किंवा हाताने फेकावयाचा असतो. दोन्ही बाजूंचे अकरा अकरा गडी मैदानात उतरतात. परंतु चेंडू आपल्याकडे असताना उतरणारे गडी निराळे आणि तो प्रतिपक्षाकडे असताना उतरणारे निराळे. म्हणजे एकाच संघात वस्तुतः दोन संघ नांदत असतात, एक आक्रमणाचा व दुसरा बचावाचा, आणि प्रत्येकावर मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखालचा एकेक समन्वयक नेमलेला असतो. पुढची चाल कोणती खेळावयाची, हे सामान्यतः हा समन्वयक काही सेकंदांच्या अवधीत ठरवितो.

असा एखादा तिशीतील समन्वयक दोन-तीन वर्षे चमकला की मोठमोठ्या विद्यापीठांची नजर त्याच्याकडे वळते. त्याच्याजवळ नवे विचार असतात, खेळाडूंशी त्याचे वयाचे अंतर थोडे असते, आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना आपल्या विद्यापीठाकडे ओढून आणण्याची त्याला उमेद असते. हे सर्व खरे असले तरी, ज्या कामात त्याने नाव मिळविले ते काम आणि जे काम त्याच्या हाती सोपवावयाचे ते काम, ही दोन वेगळी कामे आहेत. समन्वयकाने अर्ध्या संघाची एक गोष्ट उत्तम केली म्हणजे पुरते. मुख्य प्रशिक्षकाला शंभराच्या आसपास खेळाडू, त्यांचा अभ्यास, त्यांचे आईवडील, हाताखालचे सहायक, देणगी देणारे माजी विद्यार्थी आणि शनिवारच्या पराभवानंतर समोर बसलेले वार्ताहर, या सर्वांना पुरे पडावे लागते.

टेक्सास टेक विद्यापीठाने डिसेंबर २०१२ मध्ये क्लिफ किंग्सबरी यांना निवडले, तेव्हा त्यांचे वय ३३ होते. ते त्याच विद्यापीठाचे माजी क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार खेळाडू. आणि टेक्सास ए अँड एम येथील आक्रमणाचे समन्वयक म्हणून त्यांचा गाजावाजा झालेला. पुढे त्यांच्या संघात पॅट्रिक महोम्स हा असामान्य खेळाडू होता. २२ ऑक्टोबर २०१६ रोजी ओक्लाहोमाविरुद्ध महोम्सने चेंडू फेकून ७३४ यार्ड मिळविले आणि संघाने ५९ गुण केले. एवढे करूनही सामना हातचा गेला, कारण ओक्लाहोमाने ६६ केले! आक्रमणाच्या आचार्याचे आक्रमण फुलले, पण बचावाचे कुंपण कधी उभे राहिलेच नाही. सहा वर्षांत ३५ विजय व ४० पराभव झाल्यावर २०१८ च्या अखेरीस त्यांना निरोप मिळाला. (लगेच एका व्यावसायिक संघाने त्यांनाच मुख्य प्रशिक्षक नेमले, हा त्या देशाचा स्वभाव म्हणावयाचा.)

त्याच सामन्यात ओक्लाहोमाच्या आक्रमणाची सूत्रे लिंकन रायली यांच्याकडे होती. जून २०१७ मध्ये बॉब स्टुप्स अचानक निवृत्त झाले आणि रायली मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांचेही वय ३३ च होते. पहिल्याच हंगामात त्यांनी १२ सामने जिंकले व २ गमावले. दोघेही एकाच वयाचे, दोघेही माइक लीच यांच्या हाताखाली घडलेले. मग हा फरक कशाने पडला? माझ्या मते मोठे कारण वारशाचे आहे. रायली यांच्या हाती स्टुप्स यांनी अठरा हंगाम चालविलेले भरले घर आले होते. तेव्हा तरुण समन्वयक निवडणाऱ्यांनी त्याची बुद्धी जोखण्याआधी आपले घर जोखावे, हे बरे.

परंतु या विषयाचा खरा कस लागतो तो इंडियाना राज्यातील नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठात. १९५४ साली फ्रँक लेही प्रकृतीच्या कारणाने बाजूला झाले, आणि तेथील धर्मगुरूंनी अवघ्या २५ वर्षांच्या टेरी ब्रेनन यांच्या हाती संघ दिला. ब्रेनन हे आदल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा संघ सांभाळीत होते. पहिल्या हंगामात ९ विजय, दुसऱ्यात ८. तिसऱ्यात मात्र २ विजय आणि ८ पराभव! पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५७ मध्ये, याच तरुणाच्या संघाने ओक्लाहोमाला ७–० असे हरवून त्यांची सलग ४७ विजयांची मालिका खंडित केली. तरीही डिसेंबर १९५८ मध्ये, नाताळच्या सुमारास, ब्रेनन यांना काढून टाकण्यात आले. त्या वेळी ते ३० वर्षांचे होते. ज्या वयात इतरांचे नाव निवडीसाठी प्रथम घेतले जाते, त्या वयात त्यांची कारकीर्द येथे संपली होती. पाच हंगामांत ३२ विजय आणि १८ पराभव, हा हिशेब लाज वाटण्याजोगा खचित नव्हे.

याच विद्यापीठाने डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा तसेच धाडस केले. ब्रायन केली एकाएकी लुइझियानाला निघून गेले, आणि जेमतेम एक हंगाम बचावाचे समन्वयक राहिलेल्या मार्कस फ्रीमन यांना ३५ व्या वर्षी मुख्य प्रशिक्षक करण्यात आले. खेळाडूंनी त्यांचे स्वागत अक्षरशः नाचून केले. त्यानंतर काय झाले? पहिल्या सामन्यात २८–७ अशी आघाडी असताना संघ हरला. दुसरा सामनाही गेला. तिसरा घरच्या मैदानावर मार्शलसारख्या लहान विद्यापीठाकडून गेला. आरंभीचे तिन्ही सामने हरणारे नोटर डेमचे ते पहिलेच मुख्य प्रशिक्षक ठरले.

सप्टेंबर २०२३ मधील प्रसंग तर अधिकच बोचरा आहे. ओहायो स्टेटविरुद्ध आघाडी घेऊन शेवटचे काही क्षण उरले असता नोटर डेमच्या बचावात अकराऐवजी दहाच गडी उभे होते! एक सेकंद शिल्लक असताना प्रतिपक्षाने चेंडू पार केला आणि सामना १७–१४ असा गेला. फ्रीमन हे स्वतः बचावाचे तज्ज्ञ, आणि ओहायो स्टेटचेच माजी खेळाडू. शास्त्र कमी पडले नव्हते; गडी मोजावयाचे राहिले होते. समन्वयक असताना डोळ्यांसमोर पुढची चाल असते. मुख्य प्रशिक्षकाला गडी कोणी मोजावयाचे हेही आधी ठरवून ठेवावे लागते.

सप्टेंबर २०२४ मध्ये नॉर्दर्न इलिनॉय या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाने नोटर डेमला त्यांच्याच मैदानावर १६–१४ असे हरविले. १९५८ चा न्याय लावला असता तर तो पराभवच पुरेसा ठरला असता. परंतु विद्यापीठ धीर धरून राहिले, आणि संघाने त्यानंतर ओळीने तेरा सामने जिंकले. डिसेंबरात, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या सुरू होण्यापूर्वीच, फ्रीमन यांचा करार वाढविण्यात आला. २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटा येथे अंतिम सामना झाला. समोर पुन्हा ओहायो स्टेटच होते, आणि नोटर डेम ३४–२३ असे हरले.