फुंकनळीच्या टोकावरची काच

जर्मनीत, चेक सीमेलगतच्या बव्हेरियन अरण्यात फ्राउएनाउ नावाचं गाव आहे. भट्टीसाठी जंगलातलं लाकूड आणि काचेसाठी डोंगरातली गारगोटी, दोन्ही हाताशी असल्यानं इथं शतकानुशतकं काच घडते आहे. इथलं पोशिंगर घराणं 1568 पासून याच व्यवसायात आहे.

याच गावचे काचकलावंत एर्विन आइश यांच्या पुढाकारानं 1987 मध्ये ‘बिल्ड-वेर्क’ ही संस्था उभी राहिली. तिच्या उन्हाळी वर्गांत नवशिक्यांनाही भट्टीसमोर उभं राहता येतं.

पहिला धडा असतो नळी फिरवण्याचा. सुमारे 1100 अंश सेल्सिअसची काच नळीच्या टोकावर पाकासारखी ओघळते. नळी क्षणभर थांबली, की गोळा एका अंगाला कलतो. मग ओल्या कागदाच्या जाड घडीनं त्याला गोलाई द्यायची. तळहात आणि लालबुंद काच यांच्यामध्ये तेवढीच घडी! जोडीदार नळीतून हलकी फुंकर घालतो आणि काचेत हवेचा बुडबुडा फुलतो.

वस्तू तयार झाली, तरी लगेच हाती येत नाही. बाहेरची काच आधी आकसते, आतली मागाहून; या ताणानं ती तडकते. म्हणून सुमारे 500 अंशांच्या भट्टीत ठेवून ती रात्रभर सावकाश निवू देतात.

निष्णात कारागिराशेजारी उभं राहूनच या कामाचं वळण हाताला लागतं. यंत्रांच्या काळात ही विद्या टिकवायची, तर शिकणाऱ्यांसाठी भट्टी पेटती ठेवायलाच हवी.