कडेवरचे नाव : दीर्घ सेवेच्या पदकाची कहाणी



बुलढाणा जिल्ह्याचे पलटणीशी असलेले नाते जमीनमहसुलापर्यंत जाऊन पोहोचते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. आपल्या काळ्या मातीच्या साऱ्यातून शिपायांचे पगार भागत. १९०३ साली ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली व तिच्यातील एका पलटणीस ‘९६ वी बेरार इन्फंट्री’ असे नाव मिळाले. १९२२ मध्ये ती १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये समाविष्ट झाली. तीच रेजिमेंट १९४५ पासून कुमाऊँ रेजिमेंट या नावाने ओळखली जाते.

हिंदी शिपायांसाठी दीर्घ सेवा व सद्वर्तन पदक १८८८ मध्ये सुरू झाले. वीस वर्षांची निष्कलंक नोकरी ही त्याची अट होती. शौर्यपदक एखाद्या रणप्रसंगाची साक्ष देते. हे पदक वीस वर्षांच्या पहाऱ्याची आणि घरापासूनच्या दुराव्याची साक्ष देते.

अशी पदके घडविण्याची रीत जाणून घेण्याजोगी आहे. प्रथम मोठ्या आकाराचा उठावाचा नमुना करतात. त्यावरून लहान आकाराचा पोलादी ठसा तयार करून तो तापवून, विझवून कठीण करतात. चांदीच्या पत्र्यातून कापलेली चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते. एका दाबात उठाव पुरता उमटत नाही आणि दाबाने चांदी कडक होते. म्हणून चकती भट्टीत तापवून मऊ करतात व पुन्हा दाबतात. शेवटी फितीसाठी अडकण जोडतात. १८८८ च्या पदकाची फीत किरमिजी होती. त्याच्या एका बाजूस राज्यकर्त्याची मुद्रा होती. परंतु खरे मोल कडेवर आहे. तेथे शिपायाचा हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते.

स्वतंत्र भारताच्या सैन्यातही नऊ, वीस व तीस वर्षांच्या सेवेची पदके दिली जातात.

मित्रहो, अडचणीच्या वर्षी जुने पदक सोनाराच्या तराजूत जाते. तेथे चांदी तोलली जाते, नाव वितळून जाते. सामान्य शिपायाचे नाव कोरलेली घरातील ती एकच वस्तू असू शकते. म्हणून आपल्या गावात असे पदक आढळल्यास कडेवरील अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी शाळेच्या वहीत नोंदवाव्यात. पदक राखेने वा चिंचेने घासू नये, अक्षरे झिजतात. पदक त्या घरीच राहावे. नोंद मात्र साऱ्या गावाची व्हावी.