पॅसेजमधला शेजार

मुंबईच्या वरळी भागात बी. डी. डी. चाळींतील एका मजल्यावर गेलात, तर मधून लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्यांची रांग दिसेल. मजल्यावर वीस बिऱ्हाडे. प्रत्येकाची खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि शौचकूप सर्वांत सामाईक. मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतरच्या वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे अशा २०७ इमारती उभारल्या. गंमत अशी की गिरणीकामगारांसाठी बांधलेल्या या खोल्यांत प्रथम कामगारच फारसे आले नाहीत, आणि पुष्कळशा रिकाम्या राहिल्या. पुढे सविनय कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंगही झाला! माणसांनी या भिंतींना आपलेसे केले ते त्यानंतर, हळूहळू.

त्या आपलेपणाचे सोहळेच तेवढे सांगणे खरे होणार नाही. नळाचे पाणी, शौचकूपाची पाळी यांवरून होणारी भांडणे रोजचीच. आणि १९७४ च्या जानेवारीत याच वरळीत सवर्ण आणि दलित रहिवाशांमध्ये दंगल पेटली; एकाच चाळीत राहून जात विसरली जातेच असे नाही. तरीही दुखण्याखुपण्याला धावणारे, कामावर गेलेल्या आईच्या मुलाला जेवू घालणारे, परीक्षेच्या दिवसांत पॅसेजमध्ये अभ्यासाला जागा करून देणारे हेच शेजारी. त्यासाठी कोणी अर्ज केला नव्हता. खोली इतकी लहान की घराचा अर्धा संसार पॅसेजमध्येच मांडावा लागे. शेजार त्यातूनच आला.

नोकरीच्या घरांची तऱ्हा निराळी. छत्तीसगडात अहिवाऱ्याजवळ नंदिनीला भिलाईच्या पोलाद कारखान्याची चुनखडीची खाण आहे. तेथील कामगार-वसाहतीसारख्या ठिकाणी घर मिळते ते नोकरीबरोबर. नोकरी संपली की क्वार्टर सोडण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि वीस-तीस वर्षांचा शेजार मागे ठेवावा लागतो. वरळीकर भाडेकरूंनी मात्र पिढ्यान् पिढ्या एकाच पॅसेजमध्ये काढल्या.

आता त्या चाळींच्या जागी उंच इमारती येत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळाली, तीही मालकीची. स्वतःचे शौचकूप असणे ही चैन नव्हे, प्रतिष्ठा आहे. या बदलाला नावे ठेवण्याचा अधिकार बंगल्यात बसून चाळीचे गोडवे गाणाऱ्याला नाही.

मला रुखरुख वाटते ती वाटपाची. घरे सोडत काढून दिली, की एका मजल्यावरची वीस बिऱ्हाडे वीस मजल्यांवर विखुरली जाऊ शकतात. निदान ज्यांची इच्छा असेल त्या जुन्या शेजाऱ्यांना जवळजवळ घरे द्यावीत. वाटपाच्या यादीत एक रकाना वाढवावा लागेल, इतकेच. ही मागणी मला हळवेपणाची वाटत नाही. रात्री अडीचला छातीत कळ आली, तर एकट्या म्हातारीने कोणाचे दार ठोठावायचे, हे तिला आधीपासून ठाऊक असावे लागते.