इंडोलच्या दोन स्थानांचा निवाडा



इंडोलचे वलय निसर्गाने कोठे कोठे योजिले आहे, याचा तपशील या सभेला देण्याचे प्रयोजन नाही. आहारातील ट्रिप्टोफॅन, मज्जातंतूंमध्ये वावरणारे सेरोटोनिन आणि आपल्या वैद्यांच्या परिचयाच्या सर्पगंधेच्या मुळांतील रेझर्पीन, एवढी नावे पुरेत. १८८३ मध्ये एमिल फिशरने फेनिलहायड्रॅझोनांपासून हे वलय बांधण्याचा जो मार्ग दाखविला, त्याचा अंमल अद्यापि उठलेला नाही. परंतु मुळातील कीटोनाच्या दोन्ही बाजू असमान असल्या, तर वलय कोणत्या बाजूने मिटेल याची हमी तो मार्ग देत नाही, आणि पुष्कळदा दोन समघटकांचे मिश्रणच पदरी पडते.

म्हणूनच १९९१ मध्ये आयोवा स्टेट विद्यापीठातून रिचर्ड लॅरॉक यांनी प्रसिद्ध केलेल्या विक्रियेला मी फार मोलाची मानतो. ऑर्थो-आयोडोॲनिलीन आणि दोन्ही टोकांना गट असलेले अल्काइन, पॅलेडियम ॲसिटेट, कार्बोनेट आणि लिथियम क्लोराइड ही सामग्री डायमिथिलफॉर्मामाइडमध्ये सुमारे १००° सेल्सिअसला तापविली, की प्रतिष्ठापित इंडोल तयार होते. शून्यसंयुजी पॅलेडियम प्रथम कार्बन-आयोडीन बंधात शिरते. मग अल्काइन त्या नव्या कार्बन-पॅलेडियम बंधात सामावते. शेवटी नायट्रोजन धातूशी जोडला जाऊन सहा अणूंचे वलय बनते, आणि त्यातून धातू बाहेर पडताच पाच अणूंचे वलय मिटते व पॅलेडियम पुन्हा कामास मोकळे होते.

निवाडा होतो तो मधल्या पायरीवर. नवा कार्बन-कार्बन बंध आखूड, तर कार्बन-पॅलेडियम बंध त्याहून लांब. त्यामुळे अल्काइनवरील अवजड गट धातूच्या शेजारी राहणेच पसंत करतो आणि अंती इंडोलच्या दुसऱ्या स्थानी येतो. सिलिल गटाची योजना याच तत्त्वावर झाली आहे: तो दुसऱ्या स्थानी बसतो, तिसऱ्या स्थानी इष्ट शृंखला येते, आणि त्याचे काम झाल्यावर त्याला काढून टाकता येते. अर्धशिशीवरील रायझाट्रिप्टान या औषधाच्या संश्लेषणात मर्क कंपनीच्या रसायनज्ञांनी हीच युक्ती योजिली.

आमच्या अध्यापनात मात्र या विक्रियेचा बहुधा मसुदाच शिकविला जातो, कारणमीमांसा नव्हे. लिथियम क्लोराइड साधारण एक सममूल्यच का, जास्त घातल्याने उत्पन्न का घटते, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला तर त्याला उडवून लावू नये; कारण ज्याला आपण किरकोळ लवण म्हणतो, त्याच्यावाचून ही विक्रिया नीट चालत नाही. आयोडाइडे महाग पडतात, म्हणून योग्य फॉस्फीन योजून ब्रोमो आणि क्लोरो ॲनिलिनांवरही पुढे काम झाले. आपल्या उद्योगाला त्याची गरज अधिक.

औषधाच्या बाबतीत आणखी एक जबाबदारी येते. तोंडावाटे घ्यावयाच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमहून अधिक पॅलेडियम पोटात जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. तेव्हा धातू काढून टाकण्याची तरतूद संश्लेषणाच्या आराखड्यातच हवी.

या अधिवेशनातील निबंधवाचकांना माझी एकच विनंती आहे: केवळ मुख्य उत्पादनाचे उत्पन्न न सांगता दोन्ही समघटकांचे प्रमाण सांगावे, आणि जेथे अवजड गट अपेक्षित स्थानी आला नाही, त्या प्रयोगांची नोंदही दप्तरी न ठेवता सभेपुढे मांडावी.