वडिलांच्या शर्टांची गोधडी

घरातलं माणूस गेलं की दिवसकार्य आटोपतं, पाहुणे परततात आणि मग कधीतरी कपाट उघडावं लागतं. आई गेली असेल तर तिच्या साड्या वाटल्या जातात; एक मुलीला, एक सुनेला, एक मावशीला. वडिलांच्या शर्ट-पँटींचं काय करायचं, हे मात्र कुणालाच सुचत नाही. मुलाला त्या मापात बसत नाहीत, टाकवतही नाहीत. मग एखाद्या दुपारी बोहारीण दारात येते आणि चार शर्टांच्या बदल्यात स्टीलचा डबा ठेवून जाते.

आमचं बेटेगाव बोईसर स्टेशनच्या पूर्वेला. रुळांपलीकडे तारापूरची औद्योगिक वसाहत आणि त्याही पुढे, समुद्राकाठी, १९६९ साली वीज देऊ लागलेलं अणुवीज केंद्र. इथल्या कितीतरी पुरुषांचं आयुष्य पाळीच्या कपड्यांत गेलं. खाकी, निळे, राखाडी शर्ट. कोपराशी विरलेले, खिशाशी पेनाचा डाग पडलेले. श्रोतेहो, आज मला या कपड्यांविषयी बोलायचं आहे.

जुन्या कपड्याला दुसरा जन्म देणं आपल्याला नवं नाही. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, आजीचं नऊवारी लुगडं विरलं की त्याचे थर घालून, चारी बाजूंनी धावदोरा फिरवत फिरवत मधल्या भागापर्यंत आणायचा, ही आपल्याकडची रीत. खानापूर, हल्याळकडच्या सिद्दी बायका अशाच गोधडीला कवंडी म्हणतात आणि तिच्या चारही कोपऱ्यांवर कापडाची फुलं शिवतात. बंगालात कांथा आहे. गोधडी गरजेपोटी जन्मली, थंडीसाठी. पण अंगावर ओढताना ‘हा तुकडा आजीच्या लुगड्याचा’ असं कुणी म्हटलं, की ती नुसतं पांघरूण राहत नाही.

गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, असं काही घरांत मानतात. त्यांच्या भावनेचा मी मान राखते. शेवटच्या क्षणी अंगावर असलेले कपडे कुणी ठेवत नाही, ते योग्यच. पण त्याच घरांत नव्या बाळाला पणजीच्या मऊ लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळतात! ती पणजी काही हयात असतेच असं नाही. तेव्हा याबाबत घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं आणि त्यांना नको असेल तर आग्रह धरू नये, इतकंच.

पुरुषाच्या कामाच्या कपड्यांची गोधडी म्हटलं की मला दूरच्या एका गावाची आठवण होते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, नदीच्या वळणात, गीज बेंड नावाचं कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचं गाव आहे. तिथल्या मिझुरी पेटवे या बाईंचा नवरा वारला. १९४२ साली त्यांनी त्याचे शेतातले जुने, विटलेले कपडे उसवले आणि त्याची आठवण राहावी, त्याखाली झोपता यावं म्हणून त्यांची गोधडी केली. कोणी कलाकृती म्हणेल, असा विचारही त्यांच्या मनात नसावा. पुढे २००२ साली या गावच्या गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनला भरलं आणि तिथून न्यूयॉर्कच्या व्हिट्नी संग्रहालयात गेलं. शेतमजुरीचे कपडे भिंतीवर लागले आणि शहरातली माणसं ते बघत उभी राहिली.

आता आपल्या कपाटाकडे येऊ. सगळेच कपडे उपयोगाचे नसतात. ज्यात रसायन किंवा तेल मुरलं आहे, ते कितीही प्रिय असले तरी अंगावर घ्यायच्या वस्तूत नकोत. टेरीकॉटची पँट जड आणि निसरडी, सुई लवकर जात नाही. ती काठाला लावावी. सुती शर्ट मात्र सोन्यासारखा. धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून शिवणीवर उसवावा. पाठीचा भाग सर्वांत मोठा मिळतो, कारण तिथे जोड कमी. खिसा कापू नका, आहे तसा तुकड्यावर ठेवा. नातवंडं त्यात हात घालतातच. कॉलर जाड असते, ती सोडून द्यावी. खाली आईची एखादी जुनी सुती साडी अस्तर म्हणून घ्यावी. दोघांची गाठ तिथेही पडते. थर घातले की आधी लांब लांब कच्चे टाके घालून घ्यावेत, नाहीतर कापड सरकतं आणि सुरकुत्या शिवल्या जातात. पहिल्यांदा करणाऱ्यांनी दोन माणसांच्या पांघरुणाच्या मागे लागू नये, तीन फूट बाय चार फूट पुरे. उलट्या बाजूला कोपऱ्यात दोऱ्याने नाव आणि साल घाला, कारण तिसऱ्या पिढीला शर्ट कुणाचा हे सांगणारं कुणी उरत नाही.

हल्ली अशी गोधडी काचेच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावायची टूम निघाली आहे. मला ती पटत नाही. जो माणूस उभी हयात घाम गाळून घरच्यांना ऊब देत राहिला, त्याचे कपडे काचेआड कशाला? वापरली तर फाटेल, ही भीती खरी आहे, फाटेलच. पण जुन्या बायका फाटलेली गोधडी फेकत नसत. तिच्यावर नव्या कापडाचा एक थर घालून पुन्हा टाके घालत. मूळची गोधडी आत जाते, वरून दिसत नाही, आणि पांघरूण आधीपेक्षा जड होतं.